शक्यता वीस लाख, दाखवू का?

लिनक्सच्या सर्व्हरवर लॉगिन झालं की माणूस पहिली कमांड मारतो ती 'एलएस'. काही हवं असतं म्हणून नाही, हात आपोआप जातो. कालच रुजू झालेला ट्रेनी असो, नाहीतर काळ्या पडद्याकडे बघून बघून चष्म्याचा नंबर वाढवून घेतलेला जुना ॲडमिन असो, यात भेद नाही. इथे काय काय आहे ते सांग, एवढाच तिचा अर्थ. सर्व्हर सांगतो. दहा-वीस नावं येतात, माणूस ती वाचतही नाही आणि पुढच्या कामाला लागतो.

एखाद्या दिवशी मात्र नको त्या डिरेक्टरीत 'एलएस' मारला जातो आणि कर्सर जागचा हलत नाही. अशा वेळी त्या माणसाकडे बघत राहावं. सुरुवातीला तो वाय-फायला नावं ठेवतो. मग एंटर दोन-तीनदा दाबून बघतो. सर्व्हरला नीट ऐकू गेलं नसेल, अशी शंका. मग दुसरं टर्मिनल उघडून 'टॉप' लावतो. लोड चढत चाललेला दिसतो. तो मान वर करून सगळ्या खोलीला उद्देशून विचारतो, "अरे, प्रॉडक्शनवर कोणी काय चालवलंय रे?" कोणीच काही चालवलेलं नसतं. त्याचाच 'एलएस' चालू असतो. डिरेक्टरीत वीस लाख फायली असतात आणि त्या सगळ्यांची नावं, शिस्तीत, वर्णानुक्रमे, त्यानेच मागितलेली असतात.

आता, एका डिरेक्टरीत वीस लाख फायली ठेवणं हा लिनक्सच्या लेखी गुन्हा नाही. डिरेक्टरी म्हणजे शेवटी एक यादी. एका बाजूला फाईलचं नाव, दुसऱ्या बाजूला तिच्या इनोडचा नंबर. फाईल कोणाची, केवढी, शेवटची कधी बदलली, तिचा मजकूर डिस्कवर कुठे पडलाय, हा सगळा तपशील इनोडमध्ये. सत्तरच्या दशकातल्या युनिक्समध्ये या यादीतली प्रत्येक नोंद बरोबर १६ बाइटची असे: नंबराला २, नावाला १४. पुढे नावं २५५ बाइटपर्यंत लांबली, पण यादी ती यादीच राहिली. जुन्या 'एक्स्ट-२' फाईलसिस्टिममध्ये एखादं नाव शोधायचं तर पहिल्या ओळीपासून वाचत जावं लागे. 'एक्स्ट-३'च्या काळात यादीला हॅशची अनुक्रमणिका जोडली गेली आणि 'एक्स्ट-४'मध्ये ती अंगवळणी पडली. तेव्हापासून, नाव ठाऊक असेल तर, वीस लाखांतली एक फाईल उघडणं आणि विसातली एक उघडणं यात माणसाला जाणवेल असा फरक राहिला नाही. नवी फाईल घालतानाही तेच.

सगळी गोम इथेच आहे. भरताना काहीच दुखत नाही. एक लाखावी फाईल जाते, दहा लाखावी जाते. इशारा नाही, कुरकुर नाही. कुरकुर सुरू होते ती कोणीतरी येऊन "सगळ्या एकदम दाखव" म्हणतो तेव्हा. लिनक्सला जास्त फायलींचं वावडं नाही, त्याला वावडं आहे ते या हट्टाचं.

आणि 'एलएस'चा स्वभाव तर हट्टाला खतपाणी घालणारा. लग्नाच्या पंगतीला काही घरांत जुन्या वळणाचे एक मामा उभे असतात. सगळी मंडळी आल्याशिवाय, मानापानाप्रमाणे बसल्याशिवाय आणि प्रत्येकाला "आपण कोणाकडचे?" असं विचारून झाल्याशिवाय ते एकही पान वाढू देत नाहीत. पंचवीस माणसांच्या मुंजीत हे शोभून दिसतं. 'एलएस' म्हणजे हे मामा. डिरेक्टरीतली झाडून सगळी नावं तो आधी मेमरीत गोळा करतो. मग ती वर्णानुक्रमे लावतो. आणि हल्ली बहुतेक सर्व्हरवर 'एलएस' रंगीत केलेला असल्यामुळे एकेका फाईलच्या इनोडपर्यंत जाऊन तिची चौकशी करून येतो: चालवता येण्याजोगी असेल तर हिरवी, डिरेक्टरी असेल तर निळी. हे सगळं उरकेपर्यंत पडद्यावर एक अक्षर उमटत नाही. वीस लाख वेळा चौकशी होते आणि निष्पन्न काय, तर सगळ्या एकाच रंगाच्या.

यावर उपाय आहे. 'एलएस -एफ' म्हटलं की क्रम लावत बसणं नाही; जशी नावं हाताला लागतील तशी तो बाहेर फेकत सुटतो. फक्त मोजायची असतील तर त्याचं तोंड 'डब्ल्यूसी -एल'ला जोडायचं, आकडा येतो. हा आकडा दोनाने जास्त असतो, कारण 'एलएस -एफ' एका टिंबाने दाखवलेली ती डिरेक्टरी स्वतः आणि दोन टिंबांनी दाखवलेली तिच्या वरची डिरेक्टरी, या दोघींनाही धरतो. वीस लाखांत दोनाचा फरक कोणी बघत नाही, पण आमच्याकडे एक ऑडिटर आले होते, त्यांनी बघितला. त्या दोन फायली कुठे गेल्या, याचं लेखी स्पष्टीकरण द्यावं लागलं.

'एलएस' नको म्हणून काही शहाणे टॅबकडे वळतात. नावाची पहिली दोन अक्षरं टाइप करायची आणि टॅब दाबायचा. बॅश हा शेल, म्हणजे आपल्या कमांडा वाचणारा प्रोग्रॅम, पुढचं नाव पुरं करून देतो. जुळणारी नावं शंभरावर गेली की बॅश अदबीने विचारतो, सगळ्या शक्यता दाखवू का, हो की नाही? त्या वाक्यात आकडाही असतो. एरवी तो एकशे बारा, दोनशे सात असा काहीतरी असतो. या डिरेक्टरीत तो लाखांत असतो. आयुष्यात आपल्यापुढे इतक्या शक्यता खुल्या आहेत असं एवढ्या स्पष्ट शब्दांत दुसरं कोणी सांगत नाही. पण हा प्रश्न विचारण्याआधी बॅशने ती सगळी नावं गोळा करून ठेवलेली असतात. म्हणजे "नाही" म्हणायची संधी मिळते ती सगळा त्रास होऊन गेल्यावर.

मग या फायली येतात कुठून? कोणी बसून वीस लाख फायली बनवत नाही. पोलिसी खाक्याने चौकशी केली तरी आरोपी सापडत नाही, कारण प्रत्येकाने आपल्यापुरती एकच फाईल बनवलेली असते.

पहिला संशयित पीएचपीचं सेशन. वेबसाइटवर कोणी आलं की त्याच्या नावाने सर्व्हरवर एक छोटी फाईल तयार होते, त्याला ओळख म्हणून एक कुकी दिली जाते आणि पुढच्या वेळी तो ती कुकी दाखवतो. माणसं दाखवतात. सर्च इंजिनांचे बॉट सहसा दाखवत नाहीत. ते दर पानाला नव्याने दार वाजवतात, आणि सर्व्हर दर वेळी त्यांना पाहुणा समजून नवी फाईल उघडतो. जी साइट महिन्यातून चार माणसं बघतात, तिच्या सेशन डिरेक्टरीत लाखभर फायली निघतात त्या अशा. मालकाला सांगू नये. त्याला वाटत असतं, ट्रॅफिक वाढलंय.

या जुन्या फायली साफ करण्याची पीएचपीची मूळ पद्धत तर ऐकण्यासारखी आहे. सफाई सोडतीने होते. पानाची विनंती आली की पीएचपी मनातल्या मनात चिठ्ठी काढतो. मूळ सेटिंगप्रमाणे शंभरात एक चिठ्ठी 'झाडू मार' अशी निघते, आणि ज्या बापड्याच्या नावाने ती निघेल त्याचं पान झाडून होईपर्यंत अडकून पडतं. डेबियनवाल्यांना हे पटलं नाही. त्यांनी सोडत बंद करून टाकली आणि दर अर्ध्या तासाला झाडणारा स्वतंत्र क्रॉन नेमला. काही हुशार लोक एका डिरेक्टरीत गर्दी नको म्हणून सेशनच्या फायली उपडिरेक्टऱ्यांत विभागून ठेवतात. तशी सोय पीएचपीने दिलेली आहे. मात्र विभागून ठेवल्यास सफाई आपोआप होणार नाही, असंही पीएचपीच्याच मॅन्युअलमध्ये लिहिलंय. म्हणजे कचरा वर्गीकरण करून ठेवला की घंटागाडी बंद.

दुसरा संशयित क्रॉनच. ठरलेल्या वेळी काम करतो आणि त्या कामातून काही बोलणं बाहेर पडलं तर ते मालकाला ईमेलने कळवतो, असा त्याचा सालस स्वभाव. बऱ्याच सर्व्हरवर मेल पाठवणारा प्रोग्रॅम कोणी चालू केलेला नसतो. क्रॉनला ते कोण सांगणार? तो दर मिनिटाला पत्र लिहितो आणि पोस्टफिक्स नावाच्या त्या बंद मेल प्रोग्रॅमच्या 'मेलड्रॉप' डिरेक्टरीत टाकतो. तिथून ते उचलणारं कोणी नसतं. वर्षानंतर कोणीतरी तिथे डोकावतो तेव्हा पाच लाखांवर पत्रं पडलेली असतात आणि प्रत्येकात एकच मजकूर असतो: सगळं ठीक आहे.

तिसरा संशयित ऑफिसचा वाढदिवस. मेलसर्व्हरवर 'मेलडिर' ही पद्धत असेल तर एक पत्र म्हणजे एक फाईल. डॅनियल बर्नस्टाइन यांनी ही पद्धत 'क्यूमेल'साठी आणली तेव्हा पत्रं हरवू नयेत, दोन प्रोग्रॅमांची एकमेकांशी झटापट होऊ नये, हा हेतू होता आणि तो साधलाही. पण पाचशे माणसांच्या कंपनीत एचआरने कोणालातरी शुभेच्छांचं पत्र सगळ्यांना पाठवलं आणि चाळीस जणांनी 'रिप्लाय ऑल' करून "हॅपी बर्थडे" म्हटलं, की वीस हजार फायली झाल्या. उत्सवमूर्तीने उलट सगळ्यांना "थँक्यू" म्हटलं की आणखी पाचशे.

असं थेंबे थेंबे तळं साचत जातं आणि एक दिवस साइट बंद पडते. लॉगमध्ये एकच ओळ: 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस'. मग आमच्या क्षेत्रातला एक संवाद घडतो, तो सगळ्या कंपन्यांत शब्दशः सारखा असतो.

"सर, डिस्क फुल झालीय."

"किती भरलीय?"

"साठ टक्के."

"मग फुल कशी?"

"सर, जागा आहे. फाईल ठेवायला नाही."

सर आपल्याकडे बघतात. आपण म्हणजे दिवाळीचा बोनस जाहीर झाल्यावर राजीनामा दिलेला माणूस असावा, असं काहीतरी त्यांच्या नजरेत असतं. पण सांगितलेलं खरं असतं. 'एक्स्ट-४' फाईलसिस्टिम तयार होते त्याच दिवशी तिच्यात इनोड किती, हे ठरून जातं. नेहमीच्या सेटिंगप्रमाणे दर १६ केबी जागेमागे एक इनोड. म्हणजे १०० जीबीच्या पार्टिशनवर साधारण ६५ लाख. फाईल दहा बाइटची असो की दहा जीबीची, तिला एक इनोड लागतोच. इनोड संपले की उरलेली जागा नुसती बघायची. 'डीएफ -एच' विचारलं तर तो चाळीस टक्के मोकळी जागा दाखवतो, 'डीएफ -आय' विचारलं तर इनोड शंभर टक्के खर्च झालेले दाखवतो. दोघंही खरं बोलतात. 'एक्सएफएस'सारख्या फाईलसिस्टिममध्ये इनोड लागतील तसे तयार होतात, तिथे हे दुखणं नाही. पण सर्व्हर लावताना हा विचार करणारा माणूस एव्हाना कॅनडात असतो.

सरांना हे सगळं समजावून सांगण्यात अर्धा तास जातो. ते शांतपणे ऐकून घेतात आणि म्हणतात, "ठीक आहे, डिस्क वाढवा." आपण कपाळावर हात मारून घेणार, एवढ्यात ध्यानात येतं की 'एक्स्ट-४' वाढवली की नव्या जागेबरोबर नवे इनोडही येतात. डिस्क वाढवल्यावर साइट खरंच सुरू होते. सरांना इनोड कळला नाही तो नाहीच, वर त्यांचंच बरोबर ठरलं. पुढच्या वेळीही ते हेच सांगणार, आणि पुढच्या वेळीही बरोबर ठरणार. फायली मात्र आहेत तिथेच, आता आणखी चाळीस लाखांना जागा झाली.

ज्याला डिस्क वाढवून मिळत नाही, त्याला पुसाव्या लागतात. इथे खरी मौज आहे. नवखा माणूस डिरेक्टरीत जातो आणि 'आरएम' लिहून पुढे चांदणी टाकतो. म्हणजे इथलं सगळं पूस. उत्तर येतं: 'आर्ग्युमेंट लिस्ट टू लाँग'. तो 'आरएम'ला शिव्या घालतो. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. 'आरएम' अजून सुरूच झालेला नसतो. चांदणीचा अर्थ लावण्याचं काम शेलचं. शेल त्या चांदणीच्या जागी वीस लाख नावं लिहून काढतो आणि ते अजस्र वाक्य लिनक्सचा गाभा असलेल्या कर्नलपुढे ठेवतो: एवढ्या मजकुरासह 'आरएम' चालव. सेशनच्या फाईलचं नाव बत्तीसेक बाइटचं धरलं तरी वाक्य सव्वासहा-साडेसहा कोटी बाइटच्या घरात जातं. कर्नलची ऐकून घेण्याची मर्यादा सर्वसाधारणपणे २ एमबी. २००७ सालच्या २.६.२३ या कर्नलच्या आधी ती अवघी १२८ केबी होती. म्हणजे पूर्वी चार हजार फायलींनाच तो हात जोडायचा, आता पन्नास-साठ हजारांपर्यंत कळ काढतो. वीस लाखांचं वाक्य तो वाचायलाच घेत नाही.

रेड हॅटच्या वळणाच्या सर्व्हरवर रूटच्या 'आरएम'ला आणखी एक अट घातलेली असते: प्रत्येक फाईल पुसण्याआधी "पुसू का?" असं विचारायची. अशा प्रश्नांसाठी युनिक्समध्ये 'येस' नावाची एक कमांड आहे. ती बंद करेपर्यंत "हो, हो, हो" म्हणत राहते, दुसरं काही करत नाही. आमच्या धंद्यात असा स्वभाव असलेली माणसं व्हाइस प्रेसिडेंट होतात. युनिक्सने त्याची कमांड करून ठेवली.

जाणकार 'फाइंड' वापरतात. तो सगळी नावं एकदम मागत नाही. यादी वाचत जातो, अटीत बसेल ती फाईल जागच्या जागी पुसतो आणि पुढे सरकतो. फक्त शब्दांचा क्रम सांभाळावा लागतो. कुठे, कसली, किती दिवसांपूर्वीची हे आधी सांगायचं आणि '-डिलीट' अगदी शेवटी. '-डिलीट' आधी लिहिलं तर अटी वाचण्याआधीच सगळं साफ होतं. मॅन्युअलमध्ये तसा स्पष्ट इशारा आहे. मराठी माणसाला हे जड जाऊ नये. क्रियापद शेवटी आणि तोवर समोरच्याला ताटकळत ठेवायचं, ही आपली रीतच आहे.

दुसरा पंथ 'आरसिंक'वाल्यांचा. हे लोक एक रिकामी डिरेक्टरी बनवतात आणि 'आरसिंक'ला सांगतात, हिची हुबेहूब प्रत त्या भरलेल्या डिरेक्टरीच्या जागी तयार कर, जास्तीचं असेल ते काढून टाक. 'आरसिंक' इमानदारीने काहीच नसण्याची नक्कल करतो. या दोन पंथांत कोणता वेगवान, यावरून मी लोकांना चहा गार होईपर्यंत भांडताना पाहिलंय. एक म्हणतो निम्म्या वेळात होतं, दुसरा म्हणतो तुझी डिस्क वेगळी होती. शेवटी दोघांनाही कर्नलला "ही पूस" असं वीस लाख वेळा एकेकदाच सांगावं लागतं. त्यातून सुटका नाही.

तिसरा पंथ सगळ्यात मोठा आणि सगळ्यात व्यवहारी. तो पुसतच नाही. इनोड अगदीच संपलेले नसतील तर तो भरलेल्या डिरेक्टरीचं नाव बदलून शेवटी 'ओल्ड' जोडतो आणि जुन्या नावाची नवी कोरी डिरेक्टरी करतो, मालकी आणि परवानग्या जशाच्या तशा ठेवून. नाव बदलणं ही वरच्या यादीतली एका ओळीची खाडाखोड. आत वीस असोत की वीस लाख, निमिषात होते. साइट तत्क्षणी पळायला लागते. त्या वेळी लॉगिन असलेले सगळे ग्राहक लॉगआउट होतात, पण ते दोष आपल्या मोबाइलला देतात. 'ओल्ड' रात्री सावकाश पुसू असं ठरतं. अशाच एका सर्व्हरवर मी पुढे गेलो तेव्हा 'ओल्ड' होती, 'ओल्ड२' होती आणि 'ओल्ड_डिलीट_करू_नये' अशीही एक होती. तिच्यात काय आहे हे कोणाला माहीत नव्हतं, आणि 'एलएस' मारून बघण्याची कोणाची छाती नव्हती.

समजा कोणी चिकाटीने रात्रभर बसून सगळ्या फायली पुसल्याच. सकाळी रिकाम्या डिरेक्टरीत जाऊन तो अभिमानाने 'एलएस' मारतो. कर्सर पुन्हा रेंगाळतो. आत एक फाईल नाही, तरी रेंगाळतो! 'एक्स्ट-४'मध्ये यादी वाढते, पण फायली गेल्या म्हणून आखडत नाही. वीस लाख सेशन फायलींची यादी शंभर एमबीच्या आसपास जाते, आणि फायली गेल्यावरही त्या शंभर एमबीच्या कोऱ्या ओळी तशाच राहतात. 'एलएस' एकेक पान उलटून "इथे कोणी नाही, इथेही कोणी नाही" असं शेवटपर्यंत बघून येतो. उपाय दोन. फाईलसिस्टिम बंद ठेवून 'ई-टू-एफएसचेक'ला '-डी' लावून यादी आवळून घ्यायची, नाहीतर सरळ डिरेक्टरी काढून टाकून नवी करायची. म्हणजे शेवटी तिसऱ्या पंथाचंच खरं.

नावं जितकी लांब तितकी ही यादी जाड, आणि इथे आपल्या भाषेचं नशीब आडवं येतं. फाईलच्या नावाची मर्यादा २५५ बाइट. इंग्रजी अक्षराला एक बाइट पुरतो. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक अक्षर, प्रत्येक काना, प्रत्येक हलन्त तीन-तीन बाइट खातो. एकट्या 'महाराष्ट्र' या शब्दाला ३० बाइट लागतात. म्हणजे मराठी नावाला सगळी मिळून ८५ चिन्हं. आता शासकीय पत्राचा विषय डोळ्यांपुढे आणा. तो "जिल्ह्यातील" पासून सुरू होतो, मधे दोन कंस आणि एक योजना येते, आणि "मंजुरी मिळणेबाबत"पर्यंत पोचायच्या आत ८५ चिन्हं संपलेली असतात. लिनक्स नाव कापून घेत नाही, सरळ नाकारतो. मग स्कॅन करणारा मुलगा वैतागून त्या फाईलचं नाव 'एक' ठेवतो. पुढचीचं 'दोन'. वर्षाअखेरीस दोन लाख फायली होतात आणि मंजुरी कशाबाबत होती हे फक्त त्या मुलाला ठाऊक असतं. तो कंत्राटी असतो.

खुद्द फाईलसिस्टिमचं वय झालंय म्हणून फायलींच्या गर्दीत ती अडखळते, असा काहींचा समज असतो. तसं नाही. 'एक्स्ट-३'मध्ये एका डिरेक्टरीत उपडिरेक्टऱ्या ३१,९९८ च्या वर जात नसत, 'एक्स्ट-४'ने ते बंधन काढलं. फायलींच्या बाबतीत कोटीच्या आसपास जिथे अनुक्रमणिका भरत असे, तिथे २०१७ च्या ४.१३ कर्नलपासून तिला आणखी एक मजला चढवण्याची सोय झाली. कर्नल लिहिणारे दर काही वर्षांनी भिंत मागे सरकवून देतात, आणि आपण ती पुन्हा गाठतो.

ज्यांच्यावर खरोखर वेळ आली, त्यांनी मात्र भिंतीची वाट पाहिली नाही. कोडच्या आवृत्त्या सांभाळणारा 'गिट' आपल्या फायली एका ढिगात टाकत नाही. नावाच्या पहिल्या दोन चिन्हांवरून २५६ उपडिरेक्टऱ्यांत वाटून देतो. 'स्क्विड' या वेब प्रॉक्सीच्या कॅशमध्ये नेहमीच्या सेटिंगला १६ डिरेक्टऱ्या आणि प्रत्येकीत २५६, मिळून ४,०९६ कप्पे. फेसबुकच्या इंजिनिअरांनी २०१० साली 'हेस्टॅक' नावाच्या आपल्या फोटोसाठ्यावर निबंध वाचला, तेव्हा त्यांच्याकडे फोटोंच्या २६,००० कोटी प्रतिमा साठलेल्या होत्या. त्यात त्यांनी मागची हकीकत सांगितली आहे. सुरुवातीला ते एकेका डिरेक्टरीत हजारो फोटो ठेवत, तर एक फोटो वाचायला डिस्कला दहाहून जास्त खेपा घालाव्या लागत. डिरेक्टरीत शेकड्यांवर आणल्यावर त्या तीनवर आल्या. त्यांना तीनही जास्त वाटल्या. शेवटी त्यांनी फोटोमागे फाईल हा नादच सोडला आणि पुष्कळ फोटो एका प्रचंड फाईलमध्ये ओळीने लावून, कोणता कुठे आहे ते मेमरीत ठेवलं. फोटोंचा एवढा मोठा ढीग ज्यांच्याकडे, त्यांनी काढलेला निष्कर्ष असा की फायली कमी करा.

आमच्याकडे हा निष्कर्ष पोचतो तो बॅकअपवाल्याच्या तोंडून. वीस लाख फायली, प्रत्येक एक केबीची, म्हणजे सगळा माल दोन जीबी. क्लायंट फोनवर म्हणतो, "दोन जीबी तर आहे, माझ्या पोराच्या मोबाइलमध्ये दहा मिनिटांत जातो." दोन जीबीचा एक सिनेमा जातो हो. पण इथे वीस लाख वेळा फाईल उघड, वाच, बंद कर, नोंद कर. शिवाय डिस्कवर प्रत्येक फाईल कमीत कमी ४ केबीचा ठोकळा अडवते, म्हणजे दोनाचे आठ जीबी झालेच. काल रात्रीचा बॅकअप आज रात्रीच्या बॅकअपला वाटेत भेटतो, आणि दोघं मिळून डिस्क अडवून बसतात.

इतकं झाल्यावर आमच्या टीमलीडनी एक नियम काढला. फाईल बनवणारी ओळ ज्याने लिहिली, ती पुसणारी ओळही त्यानेच, त्याच दिवशी लिहायची. नंतर करू म्हणणाऱ्याचा कोड घ्यायचा नाही. नियम इतका सरळ होता की सगळ्यांना पटला. लगेच एका मुलाने सफाईची स्क्रिप्ट लिहिली. दर पाच मिनिटांनी चालणार, जुन्या फायली शोधणार, पुसणार. उत्तम चालली. सेशन डिरेक्टरी आरशागत लख्ख राहायला लागली.

वर्षभराने 'डीएफ -आय'चा काटा पुन्हा वर सरकताना दिसला. शोधत शोधत आम्ही एका डिरेक्टरीपाशी पोचलो. सफाई नीट झाली की नाही याचा पुरावा असावा म्हणून ती स्क्रिप्ट दर वेळी एक स्वतंत्र लॉग फाईल लिहीत होती. दिवसाला २८८, वर्षाला एक लाखावर.

टीमलीडनी त्या मुलाला बोलावून घेतलं. "नियम काय ठरला होता आपला?"

"सर, या फायली पुसणारी स्क्रिप्टपण तयार आहे," मुलगा म्हणाला. "फक्त तिचा लॉग कुठे ठेवू, तेवढं सांगा."